डेक्स्डमध्ये डीएक्स७ चा इलेक्ट्रिक पियानो जोरात वाजवला की कर्कश येतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यामाहाच्या डीएक्स७ (१९८३) या सिंथेसायझरमधला 'ई पियानो १' हा आवाज मला एका संथ गाण्यासाठी हवा आहे. डेक्स्ड हे त्याची नक्कल करणारं फुकटचं प्लगिन घेतलं, मूळ फॅक्टरी बँकेची (कंपनीच्या आवाजांच्या संचाची) सिसेक्स फाइल त्यात लोड केली. ३२ च्या ३२ आवाज नीट दिसतात; हा ११ नंबरचा. हलक्या हाताने वाजवला तर जुन्या रेकॉर्डवरचाच वाटतो. जरा जोर दिला की मात्र ताटावर चमचा आपटावा तसा टणत्कार, आणि वरच्या सप्तकात जास्तच.

ईक्यूने (इक्वलायझरने) वरच्या पट्टीचा भाग कापून पाहिला, तर आवाजातला जीवही गेला. सहा ऑपरेटर (लहर बनवणारे घटक) आणि ३२ अल्गोरिदमच्या (त्यांच्या जोडण्यांच्या) जंगलात अजून शिरलेली नाही.

सेटिंगमध्ये इंजिनसाठी 'मॉडर्न' आणि 'मार्क १' असे पर्याय दिसतात. त्याने काही फरक पडेल का? की सरळ आर्टुरियाचं डीएक्स७ व्ही किंवा एफएम८ हे विकतचं प्लगिन घेऊ? पैसे टाकायची तयारी आहे, पण आधी दुखणं कुठे आहे ते कळू दे.

प्रतिसाद १
पैसे खिशातच ठेवा. मार्क १ मुळे येते ती जुन्या यंत्राची खरखर, जी आवाज विरताना जास्त जाणवते. तुमचा टणत्कार पॅचमधला (त्या आवाजाच्या सेटिंगमधला) आहे. एफएममध्ये (डीएक्स७ ची आवाज बनवायची पद्धत) कॅरिअरची, म्हणजे ऐकू येणाऱ्या ऑपरेटरची, पातळी वाढली की आवाज मोठा होतो; मॉड्युलेटरची, म्हणजे त्याला बदलणाऱ्याची, वाढली की धारदार होतो. इथे अल्गोरिदम ५ आहे, म्हणजे कॅरिअर-मॉड्युलेटरच्या तीन जोड्या. त्यातल्या ऑपरेटर २ चं (मॉड्युलेटर) वारंवारतेचं गुणोत्तर १४; टणत्कार तिथला. त्याची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी (पट्टी दाबण्याच्या जोराला किती दाद द्यायची, ० ते ७) एकेक पायरी उतरवत कानाने ठरवा. ईक्यूला हात लावू नका, तो सगळ्याच जोड्यांवर चालतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण पॅच बदलण्याआधी तुमच्या कीबोर्डचा व्हेलॉसिटी कर्व्ह (किती जोराला किती आकडा जातो ते) बघा. मूळ डीएक्स७ कितीही आपटला तरी मिडीवर १२७ ही कमाल व्हेलॉसिटी पाठवत नसे. आजचे कीबोर्ड सहज पाठवतात, त्यामुळे मॉड्युलेटर भलतेच उघडतात. डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) कमाल व्हेलॉसिटी शंभरच्या आसपास अडवून वाजवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! व्हेलॉसिटी अडवली आणि निम्मं काम तिथेच झालं, ऑपरेटर २ एक पायरी उतरवला तेवढाच. वरच्या सप्तकातला टोचरेपणा अजून थोडा आहे. त्यासाठी कीबोर्ड लेव्हल स्केलिंगची (स्वराच्या उंचीनुसार पातळी बदलण्याची) उजवी बाजू उतरवायची ना? फक्त ऑपरेटर २ ची, की ४ आणि ६ चीही?