त्याच माणसांचे आधीचे-नंतरचे आकडे, टी-टेस्ट कुठली लावायची?

लोअरपरळ_लेट
पार्टटाइम एमबीएचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय माझंच ऑफिस. ऑफिस लोअर परळला, आधी साडेनऊला पोचायचं असायचं ते आता आठ केलंय, तर लोकांचा प्रवासाचा वेळ कमी झाला का एवढंच बघायचंय. आठ जणांनी दारापासून दारापर्यंत किती मिनिटं लागली ते आधी दोन आठवडे आणि वेळ बदलल्यावर दोन आठवडे लिहून दिलं, मी प्रत्येकाची सरासरी काढली. आधी आणि नंतर:

विरार 110, 102
कल्याण 100, 93
पनवेल 95, 91
बोरिवली 80, 71
ठाणे 65, 60
मुलुंड 60, 54
अंधेरी 50, 51
दादर 25, 23

एक्सेलमध्ये टी.टेस्ट मारली, टाइप 3 टाकला कारण कुठेतरी वाचलेलं की तो सेफ असतो. पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) आली 0.72. म्हणजे काहीच फरक नाही?? आठातल्या सात जणांचा वेळ तर डोळ्यांना दिसतोय कमी झालेला. गाईड सर "टेस्ट चुकलीये, बघा" एवढंच बोलून लेक्चरला गेले.

आकडेमोड
सर बरोबर आहेत. टाइप 3 म्हणजे तू एक्सेलला सांगितलंस की हे आठ जण वेगळे आणि ते आठ जण वेगळे, एकमेकांशी काही संबंध नाही. मग त्याला काय दिसतं, तर एकीकडे विरारवाला 110 आणि दादरवाला 25, हा एवढा मोठा पसारा, आणि त्यात तुझा सरासरी 5 मिनिटांचा फरक कुठच्या कुठे हरवून जातो. पण विरार दादरपेक्षा लांब आहे हे शोधायला तू प्रोजेक्ट घेतलेला नाहीस ना!
प्रत्येकाची आधी वजा नंतर अशी वजाबाकी कर: 8, 7, 4, 9, 5, 6, -1, 2. सरासरी 5, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) साधारण 3.3. त्याला 8 च्या वर्गमुळाने भाग, 1.165 येईल, मग 5 भागिले 1.165 म्हणजे टी 4.29. डिग्रीज ऑफ फ्रीडम (टी-टेबलमधली कुठली ओळ बघायची ते सांगणारा आकडा, जोड्या वजा 1) 7, कारण जोड्या 8 आहेत (16 आकडे आहेत म्हणून 14 धरू नको, व्हायव्हात इथेच पकडतात). 5 टक्क्याला टेबलमधला आकडा 2.365, तू त्याच्या बरीच वर आहेस. पेअर्ड टी-टेस्ट म्हणजे एवढंच, वजाबाकीच्या कॉलमची सरासरी शून्यापासून लांब आहे का ते बघणं.
एक्सेलमध्ये टाइप 1 टाक. आणि प्लीज एकच कॉलम सॉर्ट करू नको, विरारच्या समोर मुलुंडचा आकडा आला की जोडी तुटली, आणि एक्सेल काही ओरडणार नाही, निमूटपणे चुकीचं उत्तर देईल.

लोअरपरळ_लेट
टाइप 1 ने 0.004 आली!! तोच डेटा आणि 0.72 चं 0.004, हे चीटिंग नाहीये ना? आणि डेटा नॉर्मल (बहुतेक आकडे सरासरीजवळ, दोन्ही बाजूंना सारखे कमी होत जाणारे) लागतो म्हणतात, माझा तर 25 पासून 110 पर्यंत आहे.

चहा_कटिंग
चीटिंग कसलं, माणसं तीच होती ना. ती वेगळी असती आणि तू जोड्या लावल्या असत्यास तर चीटिंग. गॉसेटच्या 1908 च्या पेपरमध्ये पण हेच आहे (डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत होता, "स्टुडंट" नावाने लिहायचा). 10 पेशंट, झोपेची दोन औषधं, कोणत्या औषधाने किती तास झोप वाढली. आर नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये तो डेटा स्लीप नावाने आयताच मिळतो, वेगळे गट धरलेस तर पी 0.079, जोड्या धरल्यास तर 0.0028. करून बघ एकदा.
नॉर्मलचं म्हणशील तर ते वजाबाकीच्या कॉलमला लागतं, मूळ कॉलमना नाही. आठच आकडे आहेत, एक डॉट प्लॉट काढून डोळ्यांनी बघ. एखादा 40 वगैरे असता तर विलकॉक्सन साइन्ड रँक (नॉर्मल न लागणारी, क्रमांकांवर चालणारी जोड्यांची टेस्ट) कर म्हटलं असतं, इथे -1 थोडा बाजूला आहे पण चालेल. नुसती पी लिहू नको, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा सरासरी फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो अंदाज) पण दे, 95 टक्क्याला साधारण 2.2 ते 7.8 मिनिटं.

हार्बरवाला
मधेच बोलतो, आधीचे दोन आठवडे कुठल्या महिन्यातले?

लोअरपरळ_लेट
जुलै. नंतरचे ऑक्टोबर.

हार्बरवाला
झालं मग. जुलैत रुळांवर पाणी, गाड्या लेट, रस्त्याने जावं तर तिथेही ट्रॅफिक. ऑक्टोबरात ऑफिसची वेळ तीच ठेवली असती तरी पाच मिनिटं वाचली असती. टेस्ट सांगते वेळ कमी झाला, ऑफिसच्या वेळेमुळे झाला की पाऊस थांबल्यामुळे ते तिला कुठून कळणार. साडेनऊलाच जाणारं एखादं डिपार्टमेंट राहिलंय का? त्यांचे पण जुलै-ऑक्टोबर आकडे मिळाले तर दोन्हीकडच्या वजाबाक्यांची तुलना कर, आणि तिथे मात्र माणसं वेगळी, म्हणजे तुझा लाडका टाइप 3.

लोअरपरळ_लेट
अरे देवा. अकाउंट्सवाले अजून साडेनऊलाच येतात, त्यांच्या जुलैच्या नोंदी नाहीत पण. लिमिटेशन्समध्ये पाऊस टाकते आणि सरांना विचारते. बाय द वे विरारवाल्याला 0.004 दाखवली तर म्हणाला, "आठ मिनिटं वाचली खरी, पण पाचला उठतो मी आता, तो कॉलम कुठाय?"