प्लॅस्टर निघालं तरी मनगट वळेना, पुढची रेस तीन आठवड्यांवर! मदत हवी आहे

उशिरा_ब्रेक
लोकहो, डोकं फिरायची वेळ आलीय. बाइकच्या रेसमध्ये पडलो, मनगट मोडलं, प्लॅस्टर झालं, निघालं. त्यालाही आता दहा दिवस झाले, पण मनगटाचं पार लाकूड झालंय. तोंड धुवायला ओंजळ करतो तर तळवा अर्धाच वळतो आणि पाणी कोपरावरून खाली. तीन आठवड्यांनी पुढची रेस आहे. झटपट मोकळं व्हायला काय करू? 'धीर धर' सोडून काहीही सांगा.

खडखडाट
कुठला हात? कुठलं हाड? प्लेट टाकली की नुसतं प्लॅस्टर? 'मनगट मोडलं' हे 'गाडी बंद पडली' म्हटल्यासारखं झालं.

उशिरा_ब्रेक
मनगट म्हणजे मनगट हो. उजवं. ऑपरेशन नाही.

पोलादी_पंजा
रबरी चेंडू. दिवसातून शंभरदा दाबायचा. माझा डावा हात असाच होता, महिन्याभरात ट्रॅकवर परतलो. बाकी सगळी थेरं.

वळसा
चेंडूने पकड वाढेल, तळवा कसा वळेल? कोपराखालची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा तळवा वर येतो. त्यासाठी कोपर कमरेला चिकटवायचं, हातोडी दांड्याच्या टोकाशी उभी धरायची आणि तिच्याच वजनाने हळूहळू बाहेर झुकू द्यायची. आधी कोमट पाण्यात हात शेकून घ्यायचा. पण कुठलं हाड मोडलं ते कळल्याशिवाय हातोडी उचलू नका. (मी फिजिओ आहे, रोज हेच करते.)

पोलादी_पंजा
पुस्तकी ज्ञान. मोटोजीपीचा रेसर लोरेन्झो, त्याची २०१३ साली नेदरलँड्समधल्या आसन ट्रॅकवर गुरुवारी कॉलरबोन मोडली आणि शनिवारी पठ्ठ्या रेसमध्ये पाचवा आला. त्याने हातोडी धरली होती का?

खडखडाट
पुढच्याच रेसला तो परत पडला आणि बसवलेली प्लेट वाकली, ते का गाळलंस? आणि मोटोजीपीचाच मार्केझ? २०२० ला स्पेनमधल्या हेरेस ट्रॅकवर दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसवून त्याच आठवड्यात गाडीवर बसला. पुढे ती प्लेटच तुटली. डिसेंबरपर्यंत तीन ऑपरेशनं आणि आख्खा हंगाम पाण्यात.

लेदरसूट
हातमोजे कुठले होते? तळव्याच्या बुडाशी कडक सरकपट्टी असलेलेच घ्यावेत. तळवा डांबराला अडकत नाही, घसरतो. मी यावर वेगळा धागा काढणार होतो.

उशिरा_ब्रेक
मोडलेल्या हाताला आता हातमोजा घालून काय करू, साहेब?
कागदावर 'डिस्टल रेडियस' लिहिलंय, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाचं मनगटाकडचं टोक. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. सूज उतरलीय. थ्रॉटल पिळताना अंगठ्याच्या मुळाशी टोचतं तेवढंच. ते तर होणारच.

खडखडाट
थ्रॉटल पिळताना?? गाडीवर बसलास?

उशिरा_ब्रेक
स्टँडवर होती. इंजिन बंद.

वळसा
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. अंगठा ताणून वर करा. त्याच्या मुळाशी दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये खळगा पडतो. तिथे बोट दाबून बघा.

उशिरा_ब्रेक
आई गं. दुसऱ्या हाताला काहीच होत नाही.

वळसा
हातोडी, चेंडू, ताणणं सगळं आजपासून बंद. तिथे स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. तळव्यावर पडलं की रेडियसबरोबर तेही जाऊ शकतं आणि पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून शंका असेल तर १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्सरे काढतात किंवा एमआरआय करतात. त्याचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून उलटा मागे येतो. मधे तडा गेला की मागचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला महिने लागतात. न जुळता राहिलं तर काही वर्षांत सांधा झिजतो. पट्टा बांधा आणि हाताच्या सर्जनला गाठा. सिगारेट ओढत असाल तर तीही सोडा, हाड जुळायला त्यानेही उशीर होतो.

पोलादी_पंजा
नेटवर बसून फ्रॅक्चर शोधायला लागले लोक. चेंडूने कोणी मेलं नाही.

अर्धा_क्लच
अवांतर: रेस सोडणार असाल तर गाडी विकायची आहे का? चेन कधी बदलली होती?

उशिरा_ब्रेक
सीटी स्कॅन झाला. स्कॅफॉइडला बरोबर मधोमध तडा आहे. सर्जन म्हणाले, स्क्रू टाकू. बुधवारी ऑपरेशन. रेसबद्दल विचारलं तर त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.
वळसाताई, स्क्रू टाकल्यावर हातोडी किती दिवसांनी धरायची?

वळसा
स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसलं की. आधी नाही. तोवर बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहा, नाहीतर तेही आखडतील.

अर्धा_क्लच
चेनचं राहिलं.