लोकसंगीताच्या कार्यक्रमात संबळ ऐकूच येत नाही, असा अनुभव आणखी कोणाला आला आहे का?

परभणीकर

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी नांदेडला उघड्या मैदानावर माझ्या आवडत्या लोकसंगीत पथकाचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी भाचीला सोबत घेऊन मी परभणीहून मुद्दाम गेले होते. गेली 6 वर्षे या मंडळींची गाणी मी स्वयंपाक करताना, वह्या तपासताना मोबाइलवर ऐकत आले आहे, पण समोर बसून ऐकण्याचा योग पहिल्यांदाच आला. दुपारच्या गाडीने पूर्णामार्गे निघालो आणि साडेपाचलाच मैदानावर पोहोचलो, त्यामुळे पुढून चौथ्या रांगेत उजव्या कडेला जागा मिळाली.

गणाने सुरुवात झाली. मग मंचावरचे दिवे मालवून फक्त दिवटी पेटवली गेली आणि एकेका क्षेत्राच्या देवीला गोंधळाला येण्याचे आवतन सुरू झाले, तेव्हा तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई ही नावे घेताच सगळे मैदान टाळ्यांनी भरून गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी मोकळेपणाने सांगते. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे, आणि ज्या परभणीने राजारामभाऊ कदमांसारखा गोंधळी महाराष्ट्राला दिला, त्या गावात माझे बालपण गेले. त्यामुळे संबळ कसा घुमतो, ते मला ठाऊक आहे.

तोच संबळ मला त्या रात्री ऐकू आला नाही. वादक माझ्यापासून तीसेक फुटांवर उभे होते. कमरेला बांधलेला संबळ, चामड्यावर पडणारी काठी, मनगटाचा झटका, सगळे स्पष्ट दिसत होते. कानावर मात्र बेस गिटार आणि कीबोर्ड यांचाच आवाज येत होता. दोन गाण्यांच्या मध्ये वादकांनी संबळ दिवटीजवळ नेऊन चामड्यावरून तळहात फिरवला, हेही मी पाहिले. पुढे आख्यान ऐन रंगात आलेले असताना दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद झाले आणि आरती घाईघाईत उरकावी लागली.

हा दोष माझ्या जागेचा, ध्वनियोजनेचा की वाद्याचा? आणि या पथकावर माझे मनापासून प्रेम असल्यामुळे, त्यांचे मन न दुखावता हे त्यांना कसे कळवावे?

लातूरचा साउंडवाला

ताई, मी गेली 14 वर्षे लातूर, बीड, नांदेड या भागांत कार्यक्रमांच्या ध्वनियोजनेचे काम करतो. आपण वर्णन केलेला प्रकार मी अनेकदा पाहिला आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही तो घडला आहे.

संबळ म्हणजे एक लहान आणि एक मोठे अशी दोन भांडी, आणि दोन्हींचा आवाज अगदी वेगळा. बहुतेक ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी दोघांत मिळून एकच माइक लावतात, तोही वादक हलला की बाजूला पडतो. मोठ्या भांड्याचा घुमारा जिथे असतो, त्याच खर्जात बेस गिटार आणि कीबोर्डचा डावा हात असतो. श्रोत्यांना छातीत धडकणारा बेस आवडतो म्हणून तो वाढवला की मोठे भांडे त्याखाली गाडले जाते, आणि लहान भांड्याची टणक थाप गायकाच्या आवाजाला छेद देते म्हणून तिलाही खाली आणले जाते. मग संबळ फक्त दिसण्यापुरता उरतो. प्रत्येक भांड्याला वेगळा माइक द्यावा, कीबोर्डचा खर्ज कापावा आणि साउंड चेक एकेका वाद्याचा करून न थांबता सगळ्यांना एकत्र वाजवायला लावून करावा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आपली जागाही थोडी आड आली असावी, कारण कडेच्या स्पीकरसमोर खर्ज फार येतो. पुढच्या वेळी मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज कमीजास्त करतात त्या यंत्राच्या, टेबलाजवळ, मैदानाच्या मधोमध बसून पाहा. आम्ही ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल.

दहा वाजताच्या बंदीला आयोजकांचा इलाज नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस राज्य शासन 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. म्हणून असे कार्यक्रम सहाला सुरू व्हायला हवेत, आणि पाहुण्यांचे सत्कार आटोपशीर व्हायला हवेत.

संभाजीनगर_विद्यार्थी

मी त्याच कार्यक्रमाला होतो आणि माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्यासोबत वसतिगृहातले 5 मित्र होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी गोंधळ होत नाही आणि दिवटी त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. ते आले ते या पथकाच्या बेससाठी आणि कीबोर्डसाठीच. परतताना मात्र त्यांच्यातला एक जण तुणतुण्याला एकच तार का असते, हे मला विचारत होता. त्यामुळे नवी वाद्ये काढून टाका, असे कृपया कोणी कळवू नये. संबळ वर आणा, एवढेच कळवावे.

पायरीवरचा

आमचे घराणे गोंधळ्यांचे. वडील आणि थोरले काका दोघेही संबळ वाजवत, मी नोकरीमुळे वाजवत नाही, पण कान तयार आहे.

ताईंनी पाहिलेली दिवटीजवळची हालचाल फार महत्त्वाची आहे. पौषातल्या दवाने चामडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून त्याला ऊब द्यावी लागते. वादक जाणकार आहे, हे यावरून मला कळले.

साउंडवाल्या दादांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. गोंधळात संबळ सतत एकसारखा वाजत नसतो. नायक कथा सांगत असताना तो दबक्या हाताने साथ करतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, नायक उत्तर देतो, आणि कडवे संपले की संबळ मोकळा सुटतो. ही चढउतार हातातच असते. मिक्सरवर सगळे एका पातळीवर बांधून ठेवले की ती मारली जाते. काका तर पाटावर मांडलेल्या कलशासमोर इतके हळू वाजवत की अंगणात शेवटी बसलेली बाई पुढे सरकून ऐके.

पथकाला जरूर लिहा, ताई. त्यातही थेट संबळवादकांना लिहा.

परभणीकर

सर्वांचे मनापासून आभार. पथकाच्या पानावर परवा रात्री मी पत्र लिहिले. कोणते गाणे कसे भिडले, ते आधी लिहिले, मग संबळाचे लिहिले आणि नवी वाद्ये तशीच राहू द्यावीत, हेही आवर्जून लिहिले.

आज दुपारी स्वतः संबळवादकांचे उत्तर आले. मंचावर त्यांच्यासमोर ठेवलेला मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, पहिल्याच गाण्यात बंद पडला होता, त्यामुळे आपलाच संबळ त्यांनाही ऐकू येत नव्हता आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी तुणतुणेवाल्याच्या बोटांकडे पाहून वाजवला. पुढचा कार्यक्रम अंबाजोगाईला आहे आणि तिथे दोन माइक मागणार असल्याचे त्यांनी कळवले आहे. भाचीने आत्ताच सुटी टाकली आहे. आम्ही या वेळी मिक्सरच्या टेबलाजवळ बसू.