सी. एलिगन्समधील जनुक-अभिव्यक्ती: नमुने तासांनुसार घ्यावेत काय?

प्रश्नकर्ती, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, यवतमाळ जिल्हा:
नमस्कार. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या एल१ ते एल४ या अळीच्या चार अवस्थांत लिन-१४ जनुकाची अभिव्यक्ती (ते किती चालू आहे) कशी बदलते, हे आरएनए मोजून पाहण्याचा आमचा विचार आहे. पुस्तकात प्रत्येक अवस्थेचे तास दिलेले आहेत. परंतु आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात थंड इन्क्युबेटर नाही आणि मार्चनंतर खोलीत ३५ अंशांहून अधिक तापमान असते. त्या तासांवर विसंबून नमुने घेतले तर चालेल काय?

उत्तर १:
ताई, चालणार नाही. ते तास बहुधा २० अंशांचे असतात; त्या तापमानाला अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण तीन दिवस लागतात, १५ अंशांना बरेच अधिक, २५ अंशांना कमी. त्यापुढे प्रजननक्षमता झपाट्याने घटते. ३३ ते ३५ अंशांचा शेक तर प्रयोगशाळांत उष्माघाताची जनुके मुद्दाम चालू करण्यासाठी देतात, म्हणजे आपल्या खोलीत आपण वाढ मोजणार नाही, उन्हाळा मोजाल. बर्फाच्या बाटल्या ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीत कृमी जगतील, पण तापमान स्थिर राहणार नाही. त्यापेक्षा वाढवण्याचे काम नागपूर किंवा अमरावतीच्या विद्यापीठ विभागात करावे.

सर्व कृमी एकाच वयाचे मिळावेत म्हणून अंडी असलेले प्रौढ उभयलिंगी कृमी ब्लीच आणि कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. अंडी टिकतात, आणि अन्नाविना बाहेर पडलेल्या अळ्या एल१ मध्येच थांबतात. मात्र ही थांबलेली एल१ उपाशी असते, त्यामुळे जिवाणू खाऊ घातल्यानंतरच्या पहिल्या काही तासांच्या नमुन्यांत उपासातून सावरण्याचा परिणाम मिसळलेला असतो. कृमी पारदर्शक असल्याने अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली जननग्रंथीच्या वाढीवरून, आणि एल४ मध्ये योनीद्वाराजवळच्या अर्धचंद्राकृती मोकळ्या जागेवरून ठरवावी.

उत्तर २:
लिन-१४ साठी केवळ आरएनए मोजणे अपुरे आहे. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी दाखवले की लिन-४ हा सूक्ष्म आरएनए लिन-१४ च्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागाला जुळतो व एल१ नंतर लिन-१४ चे प्रथिन घटते. संदेशवाहक आरएनए तेव्हा फारसा बदललेला आढळला नव्हता. पुढील संशोधनात त्याचेही प्रमाण काही अंशी घटते असे दिसले, तरी प्रथिनाची घट ठळक आहे. जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) जोडून पाहणार असाल, तर तो शेपटाकडील भाग त्या रचनेत राहू द्यावा, अन्यथा खरे नियंत्रण दिसणारच नाही.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. येथील संत्र्याच्या मुळांवरील सूत्रकृमी यासाठी चालतील काय?

उत्तर १:
नाही. त्यांना जिवंत मूळ लागते. ते जिवाणूंच्या थरावर वाढत नाहीत.