जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह बदलताना: तुमचे अनुभव

लॅपटॉप जुना झाला की बाकी मशीन ठणठणीत असतं, पण डीव्हीडी ड्राइव्ह कुरकुरायला लागतो. मग तसाच दुसरा बसवायचा, की ती जागा हार्ड डिस्कला द्यायची? ज्यांनी हे काम स्वतःच्या हातानं केलंय त्यांनी लिहा. कुठे अडलं आणि ते कसं सुटलं, हे तर नक्कीच लिहा.

सुरुवात मी करतो. माझा ड्राइव्ह सीडी वाचायचा, डीव्हीडी टाकली की नुसता घरघरायचा. दोन्हींसाठी लेसर वेगळे असतात, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं लेन्स पुसून पाहिली, फरक पडला नाही. मग ड्राइव्हच बदलला. चार्जर आणि बॅटरी काढली, तळाचा एक स्क्रू सोडवला आणि ड्राइव्ह बाजूनं सरकवून बाहेर घेतला. खरं काम पुढेच होतं. नव्या ड्राइव्हला लॅपटॉपच्या अंगाला जुळणारी दर्शनी पट्टी नव्हती, ती जुन्यावरूनच काढायची होती. ड्राइव्हच्या तोंडाशी बारीक भोक असतं. त्यात सरळ केलेली पेपरक्लिप दाबली की वीज नसतानाही ट्रे सुटतो. मग पट्टीच्या कडेचे प्लास्टिकचे आकडे नखानं हलके दाबून एकेक सोडवायचे. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, घाई अजिबात नको. मागची छोटी धातूची पट्टीही आठवणीनं नव्यावर लावा, लॅपटॉपचा स्क्रू तिच्यातच बसतो.

*

मागवण्याआधी जुना ड्राइव्ह बाहेर काढून मोजा, हे माझं कळकळीचं सांगणं. जाडी बहुधा १२.७ मिमी किंवा ९.५ मिमी असते. कनेक्टरही बघा. माझ्या लॅपटॉपात आयडीई हा जुना प्रकार निघाला, पिनांची रुंद रांग असलेला. त्यात साटा या नंतरच्या कनेक्टरचा ड्राइव्ह बसतच नाही.

*

मी ड्राइव्ह काढून कॅडी बसवली, म्हणजे ड्राइव्हच्याच मापाची, आत डिस्क मावणारी चौकट. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) मूळ हार्ड डिस्कच्या जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत. उलट करू नका. काही जुन्या मशीनमध्ये ड्राइव्हच्या जागेचा साटा पोर्ट १.५ गिगाबिटवर चालतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १५० एमबी. चांगल्या साटा एसएसडीला ५०० च्या पुढे जाता येतं, तिथे तिचा दम कोंडतो. शिवाय काही बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारे मूळ प्रोग्राम, त्या पोर्टवरून बूटच करत नाहीत.

*

वरच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. माझा लॅपटॉप सतत पिशवीत असतो. मूळ जागेत हार्ड डिस्कला रबराचा आधार आहे, कॅडीत तसं काही नाही. फिरती डिस्क धक्क्याला नाजूक, एसएसडीला धक्क्याचं भय नाही. माझे दोन्ही पोर्ट सारख्याच वेगाचे निघाले आणि बूटही झालं, म्हणून मी एसएसडीच कॅडीत ठेवली. आधी पोर्टचा वेग तपासा आणि मगच ठरवा.

*

कॅडी लावली आणि डिस्क दिसेचना, असं झालं तर कॅडीच्या अंगावर इवलासा स्विच आहे का बघा. माझ्या कॅडीवर होता. लॅपटॉप बंद करून तो दुसरीकडे सरकवला आणि डिस्क लगेच बायोसमध्ये आली. दुसरं म्हणजे ७ मिमीची एसएसडी कॅडीत हलत असेल तर सोबतचा फोमचा तुकडा लावा आणि बाजूचे स्क्रू आवळा, नाहीतर कनेक्टर सैल होतो.

*

लिनक्सवाल्यांनो, डिस्कांच्या जागा बदलल्या की एसडीए-एसडीबी ही त्यांची नावं उलटसुलट होऊ शकतात. एफएसटॅब या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे जागा बदलली तरी तोच राहणारा ओळख क्रमांक, लिहा.

*

काढलेला ड्राइव्ह चालू असेल तर कृपा करून टाकू नका. माझ्याकडे आईच्या आवाजातली गाणी सीडीवर होती, दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घातला. डिस्क फिरायला लागली की मध्येच बंद पडायचा, कारण यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिॲम्पियरच देतो आणि सुरुवातीच्या फिरकीला त्याहून जास्त लागतं. दोन तोंडांची केबल दोन पोर्टांना लावली आणि नीट चालला. एका सीडीवर ओरखडे होते, ती मध्येच अडखळायची. वाचण्याचा वेग कमी करून पुन्हा लावली तेव्हा शेवटपर्यंत उतरली. आता सगळी गाणी दोन वेगळ्या डिस्कांवर आहेत आणि भावंडांकडेही पोचली आहेत.

*

चित्रपटांच्या डीव्हीडी बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. नव्या ड्राइव्हचा रीजन, म्हणजे कोणत्या देशांच्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा क्रमांक, फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा ठरतो. विंडोज पुन्हा टाकली तरी ती मोजणी पुसली जात नाही, कारण ती ड्राइव्हमध्येच असते.

*

कॅडी घ्यायची नसेल तर तो कप्पा रिकामा ठेवला तर चालेल का?

*

मशीन चालतं, पण उघड्या तोंडातून धूळ शिरते आणि त्या बाजूला हात टेकला की बॉडी दबते. बंद पडलेला ड्राइव्हच परत सरकवा आणि स्क्रू लावून टाका.