सोरायसिस असताना बोट सुजले, पण रक्ततपासणी निगेटिव्ह

प्रश्न: वडिलांना बऱ्याच वर्षांपासून कोपरांवर सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे येणारा आजार) आहे. आता पायाचे एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले असून सकाळी तासभर सांधे आखडलेले असतात. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्याने संधिवात नाही, असे समजावे का?

प्रतिसाद १: तसे समजू नये, कारण सोरायटिक संधिवातात (सोरायसिससोबत होणाऱ्या संधिवातात) ही चाचणी बहुधा निगेटिव्हच येते. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, टाच दुखते का, हे पाहावे; ती त्याचीच लक्षणे असू शकतात. युरिक ॲसिड वाढलेले दिसले की गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) ठरवून मोकळे होण्याची घाई अनेकदा होते. सोरायसिसमध्येही ते वाढू शकते. संधिवाततज्ज्ञांनाच दाखवावे, कारण उपचार लांबल्यास सांध्यांची झीज कायमची राहू शकते.

प्रतिसाद २: सहमत. या आजारावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध दिल्यास ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहावा. यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या नियमित कराव्यात, मद्य टाळावे. बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीतील ठरावीक घटक रोखणारी) इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

प्रश्नकर्ता: नखांवर खड्डे आहेत, आम्ही ती बुरशी समजत होतो. संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतो.