मदत हवी आहे: १९६६ च्या मस्टँगचं सहा सिलिंडरचं इंजिन गेलं, आता कोणतं बसवू?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो. घरी १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप आहे. तिचा नंबर ६एफ०७टी असा सुरू होतो. म्हणजे ६६ चं मॉडेल, डिअरबॉर्नला बांधलेलं, आणि टी म्हणजे २०० क्यूबिक इंचाचं एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन. कारखान्यातून निघालं तेव्हा १२० हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स तीन गिअरचा मॅन्युअल, चाकांना चारच नट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सगळं मूळचं आहे.

गाडी चालत होती, पण पाणी पीत होती. बाहेर कुठेही गळती नाही आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ. कॉम्प्रेशन पाहिलं तर पाच सिलिंडर १३० ते १४० पीएसआय, तिसरा ७० च्या खाली. हेड गॅस्केट गेलं असेल या आशेवर हेड उतरवलं, पण गॅस्केट ठीक निघालं. मग इंजिन काढून ब्लॉक मशीन शॉपला नेला. त्यांनी चुंबक लावून लोखंडाची भुकटी फुंकली आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत, वरच्या कडेपासून खाली, केसाएवढी बारीक रेघ उमटली. पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलेली भेग. मी शेजारी उभा राहून पाहिली, त्यामुळे शंका उरलेली नाही.

आता पुढे काय, यावर जितकी माणसं तितकी मतं ऐकतो आहे. इथले सगळे मित्र म्हणतात की सहा सिलिंडर हे रडकं इंजिन, ही संधी समज आणि व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाक. त्यातही कोणी म्हणतं जुनं २८९ क्यूबिक इंचाचं शोध, कोणी म्हणतं फोर्ड एक्सप्लोररमधलं ५ लिटर भंगारातून आण, एकाने तर फोर्डचं नवीन कोयोटी व्ही-८ टाकायचा सल्ला दिला. माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात उभं आयुष्य बोअरिंग मशीनवर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर भेग दाखवली. ते म्हणाले, "अरे एकच सिलिंडर आहे, लायनर मार आणि बांध. टाकून काय देतोस?" (लायनर म्हणजे खराब सिलिंडर मोठा कापून त्यात बसवलेली लोखंडी नळी.)

गाडी कशासाठी हवी तेही सांगतो. रेसिंग करायचं नाही. एप्रिल ते ऑक्टोबर शनिवार-रविवार चालवायची, ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, न्यायची, आणि मुलीला नुकतंच लायसन्स मिळालंय, तिने ती शिकावी ही फार इच्छा आहे. एम-१४ हायवेवर ताशी ७० मैलांच्या वेगाने जाता आलं पाहिजे. सध्या त्या वेगाला इंजिन ३००० आरपीएमच्या वर फिरतं आणि केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही.

बजेट साडेचार हजार डॉलर. घरी दोन गाड्यांचं गॅरेज आहे, क्रेन भाड्याने आणतो. वेल्डिंग येत नाही.

कृपया ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी लिहावं.

---

आठाचा_नाद

व्ही-८ टाका. मी ६५ च्या गाडीत एक्सप्लोररचं ५ लिटर बसवलंय, म्हणून नीट सांगतो.

१९९६ ते २००१ च्या एक्सप्लोररमध्ये हे इंजिन मिळतं. भंगारवाल्याकडे काही शे डॉलरला निघतं, कारण त्या गाड्या गंजून मेल्या तरी इंजिन शाबूत असतं. रोलर कॅम असतो, त्यामुळे जुन्या सपाट टॅपेटसारखी झिंकवाल्या ऑइलची काळजी नाही. हेड बघून घ्या. हेडच्या कोपऱ्यावर तीन उभ्या पट्ट्या दिसल्या तर जीटी-४०, चार दिसल्या तर जीटी-४०पी. पी चांगलं हेड आहे, पण स्पार्क प्लगचा कोन वेगळा असतो. नेहमीचे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लावले तर प्लगच्या वायरी जळतात, तेव्हा पी साठीचेच हेडर घ्या.

मस्टँगमध्ये ते जसंच्या तसं बसत नाही. ऑइलचा चेंबर मागे खोल आहे, तुमच्या गाडीला पुढे खोल असलेला लागतो. टायमिंग कव्हर बदलावं लागतं, कारण जुन्या गाडीत डिपस्टिक आणि यांत्रिक पेट्रोल पंप तिथेच बसतात. पाण्याचा पंप उलटा फिरणारा असतो, साधा पट्टा लावायचा तर पंपही बदला. एक्सप्लोररला डिस्ट्रिब्युटर नसतोच. कार्ब्युरेटर लावणार असाल तर डिस्ट्रिब्युटर घ्या आणि त्याचा गिअर स्टीलचा आहे याची खात्री करा. कास्ट आयर्नचा गिअर त्या कॅमवर झिजून चुरा होतो आणि तो चुरा ऑइलमध्ये जातो. फायरिंग ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८. जुन्या २८९ ची १-५-४-२-६-३-७-८. वायरी जुन्या पुस्तकाप्रमाणे लावू नका.

आणि फ्लायव्हील व क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचा डॅम्पर दोन्ही ५० औंस बॅलन्सचे हवेत. जुन्या २८९ चे २८ औंसचे आहेत. एक जरी मिसळलं तरी इंजिन थरथरत बेअरिंग खाऊन टाकेल.

---

नोव्हीची_सावली

वरचं सगळं बरोबर आहे, पण ती फक्त इंजिनाची यादी झाली. धागाकर्त्याची गाडी चार नटांची आहे, हा मुद्दा सुटतोय.

फोर्डने सहा सिलिंडरच्या मस्टँगला खालून वेगळंच बांधलं होतं. मागचा ॲक्सल सव्वासात इंची, तो व्ही-८ चा टॉर्क फार काळ झेलत नाही. व्ही-८ ला ८ इंची होता. पुढचे स्पिंडल लहान, ड्रम लहान, स्टिअरिंगचे टाय रॉड आणि लिंक वेगळे, स्प्रिंग वेगळ्या, रेडिएटर लहान, इंजिनचे माउंट वेगळे, क्लचचा झेड-बार (पेडलपासून क्लचपर्यंतचा दांडा) वेगळा. तीन गिअरचा बॉक्सही व्ही-८ मागे ठेवू नये. म्हणजे गिअरबॉक्स, ॲक्सल, पुढचं पूर्ण सस्पेन्शन, ब्रेक, चाकं, एक्झॉस्ट आणि टायर, एवढं सगळं आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. साडेचार हजारांत हे बसत नाही. अर्धवट करून रस्त्यावर आणलं तर ती गाडी मी तरी माझ्या मुलीच्या हातात देणार नाही.

कोयोटीचं एका वाक्यात: ते इंजिन वर इतकं रुंद आहे की शॉक टॉवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे, सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे खांब) कापावे लागतात, आणि तुम्हाला वेल्डिंग येत नाही.

एक विचारायचं होतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मूळचाच आहे का?

---

रंकाळाकाठ

@आठाचा_नाद, मनापासून आभार. डिस्ट्रिब्युटर गिअरचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

@नोव्हीची_सावली, हो, मास्टर सिलिंडर मूळचा, एकच खण असलेला. यादी वाचून गप्प झालो. जुना आठ इंची ॲक्सल आणि पाच नटांचं पुढचं सामान एकत्र कोणी विकतं का, हे शोधलं. मिळतं, पण त्यातच निम्मं बजेट जातं आणि इंजिन अजून यायचंय.

मग सहाच ठेवायचं असेल तर दोन वाटा दिसतात: हाच ब्लॉक लायनर मारून बांधायचा, किंवा दुसरं २०० शोधायचं. तिसरी म्हणजे २५० क्यूबिक इंचाचं सहा सिलिंडर, जे १९६९ पासून येत होतं. कोणी केलंय का?

---

पारसिपनीची_ताई

मी केलंय. २०० बांधलं, ६७ च्या मस्टँगसाठी, न्यू जर्सीत. तुमचे बाबा बरोबर सांगताहेत.

आधी २५० चं. त्याचा ब्लॉक उंच आहे. बॉनेटखाली जागा कमी पडते, आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) छोट्या व्ही-८ च्या नमुन्याचं, म्हणजे तुमचा गिअरबॉक्स तसाच लागत नाही. ताकद थोडी वाढते, कटकट बरीच. मी सोडून दिलं.

दुसरं २०० शोधत असाल तर मॅव्हरिक, फाल्कन, कॉमेट, फेअरमाँट या जुन्या गाड्यांतून मिळतं. ब्लॉकच्या बाजूला फ्रीज प्लग, म्हणजे पत्र्याची गोल बुचं, मोजा. पाच असतील तर क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग असलेलं, तीन असतील तर जुनं चार बेअरिंगचं. चारवाल्याला हात लावू नका. १९८० च्या आसपासच्या फेअरमाँटवाल्या काहींचं बेलहाउसिंग वेगळं आहे, तेही बघून घ्या. पण मला विचाराल तर न पाहिलेल्या ब्लॉकपेक्षा मशीन शॉपमध्ये तपासलेला आपला ब्लॉक बरा. एका सिलिंडरला लायनर मारणं हे त्यांचं रोजचं काम आहे. बाकी पाच बोअर करून तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन घाला, लायनरही त्याच मापाला बोअर होईल.

आता ज्यात बहुतेक जण फसतात ते. या इंजिनाचं मूळ हेड गॅस्केट पातळ पत्र्याचं होतं. आज दुकानात मिळतं ते जाड कंपोझिट, जवळजवळ दुप्पट. तसंच लावलं तर कॉम्प्रेशन पडतं आणि लोक म्हणतात, सहा सिलिंडर रडकं. मशीन शॉपला सांगून जेवढं गॅस्केट जाड झालं तेवढं हेड घासून घ्या, साधारण २५ थाऊ. हेड तिथे आहेच तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या, शिसं नसलेल्या पेट्रोलला त्या टिकतात.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. ६६ च्या सहा सिलिंडरवर ऑटोलाइट ११०० असतं आणि त्याच्या जोडीला लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्युटर. त्या डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत्या वजनांचा ॲडव्हान्स नाहीच. तो सगळा कार्ब्युरेटरच्या स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्हमधून येणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो. कोणीतरी आधी नवीन कार्ब्युरेटर लावलेलं असेल आणि डिस्ट्रिब्युटर जुनाच असेल, तर टायमिंग कधीच नीट येत नाही आणि वेग घेताना इंजिन गुदमरतं. कार्ब्युरेटरच्या बाजूला तो गोल व्हॉल्व्ह आहे का पाहा. नसेल तर पुढच्या दशकातला फोर्डचा इलेक्ट्रॉनिक ड्युरास्पार्क डिस्ट्रिब्युटर लावा, माझ्या गाडीत मी तेच केलं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायला लागली तो फरक या एका बदलाचा होता.

आणि तुमचा एम-१४ चा प्रश्न इंजिनाचा नाहीच. तुमच्या बॉक्सचा वरचा गिअर एकास एक आहे, पहिल्याला सिंक्रो (गिअर न खरखरता पडू देणारी कडी) नाही. २०० मागे टी-५ पाच गिअरचा बॉक्स बसवण्यासाठी बेलहाउसिंगचा अडॅप्टर मिळतो. पाचव्यात ७० ला हजारएक आरपीएम कमी होतील. मुलगी शिकणार असेल तर पहिल्या गिअरला सिंक्रो असणं फार मोलाचं आहे.

---

आठाचा_नाद

ताई, हे मला माहीत नव्हतं. लोड-ओ-मॅटिकचं तर ऐकलंही नव्हतं. धागाकर्त्याचा वापर आणि बजेट पाहता माझं मत बदललं. लायनर मारा. व्ही-८ हवाच असेल तर पुढे कधीतरी मूळ व्ही-८ वालीच गाडी घ्या.

---

नोव्हीची_सावली

इंजिन बाहेर आहे तोवर शॉक टॉवरच्या शिवणी आणि खालच्या कोपऱ्यात भेगा आहेत का ते तारेच्या ब्रशने घासून पाहा. या गाड्यांची ती नेहमीची जागा आहे, आणि आपल्याकडे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो.

मास्टर सिलिंडर दोन खणांचा करा, ६७ पासून फोर्डने तोच दिला. एकच खण असेल तर कुठेही एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. हा खर्च इंजिनाच्या आधीचा समजा.

---

रंकाळाकाठ

ठरलं. हाच ब्लॉक, तिसऱ्याला लायनर. कार्ब्युरेटर आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं: स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह नाही, आणि डिस्ट्रिब्युटर मूळचाच आहे! म्हणजे मी घेतली तेव्हापासून ती तशीच गुदमरत चालत होती. बाबांना रात्री फोन करून सांगणार आहे, त्यांना ऐकून फार आनंद होईल.

पैशांचा क्रम असा लावतो: दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि ब्रेकच्या नळ्या, मग ब्लॉक आणि हेडचं काम, मग ड्युरास्पार्क. टी-५ पुढच्या हिवाळ्यात. शॉक टॉवर शनिवारी घासून पाहतो.

ताई, एक शेवटचं. बोअर करण्याआधी मशीन शॉपकडून अजून काही मोजून घ्यावं का?

---

पारसिपनीची_ताई

हो, सोनिक टेस्ट. भिंती किती जाड उरल्या आहेत ते कळतं. साठ वर्षं पाण्यात राहिलेला ब्लॉक आतून गंजून पातळ झालेला असू शकतो. सहाही मोजायला सांगा, पण दुसऱ्या आणि चौथ्याची तिसऱ्याकडची बाजू नक्की, कारण लायनरसाठी तिसरा मोठा कापावा लागतो आणि ताण शेजारच्यांवर येतो. तिथे पातळ निघालं तरच दुसरा ब्लॉक शोधा, नाहीतर नको.

आकडे आले की इथेच टाका, मी माझ्या ब्लॉकचे शोधून ठेवते.